ईश्वरचा मातीचा ट्रॅक

तर डॉक्टरांनी ईश्वरचा गुडघा बाजारात शहाळं पारखावं तसा दोन्ही हातांत धरला, इकडून तिकडून दाबला आणि म्हणाले, "भोईर, पळायचं असेल तर मातीवर पळा. डांबरावर पळालात तर एक दिवस हा गुडघा माझ्याकडे ठेवून घरी जावं लागेल."

काल पाहुणे आले आणि गोष्ट इथंच लोंबकळत राहिली. पण काल तुमच्यातले सगळे नव्हते, म्हणून ईश्वर कोण ते आधी सांगतो. मग गुडघ्याकडे येऊ.

ईश्वर भोईर आमच्या राई गावातला, माझ्यापासून चौथं घर. हाटकेशच्या एका गाळ्यात टर्नर. दिवसभर लेथवर लोखंड सोलायचं आणि पहाटे पळायचं, हा त्याचा धर्म. सुरुवात कशी झाली, तर सत्त्याऐंशी साली भाईंदरहून उत्तनला जाणारी बस भरलेली होती आणि कंडक्टरनं त्याला फूटबोर्डावरून उतरवला. कंडक्टर म्हणजे उत्तनचा फ्रँक, ओळखीचाच. ओळखीच्या माणसानं उतरवलं की राग दुप्पट येतो. ईश्वर बसच्या मागं पळत सुटला. बस मुर्ध्याला थांबली, कुणाची टोपली उतरवायला थांबली, म्हशीसाठी थांबली, ईश्वर काही थांबला नाही. राईच्या थांब्यावर तो कमरेवर हात ठेवून उभा, आणि बस नंतर आली.

फ्रँकनं खिडकीतून डोकं काढलं. "काय रं ईश्वर, तिकिटाचं पैसं वाचवतंस?"

"न्हाय, तुजी बस दमलीय, तिला वाईच हलकी केली."

त्या दिवसापासून त्याला वेड लागलं ते लागलंच. पेपरात कुठं शर्यत दिसली की हा निघाला. वसई, ठाणे, नाशिक. दोन स्टीलच्या ताटल्या, एक छत्री आणि एक भिंतीवरचं घड्याळ एवढी कमाई. पण मन सगळं पुण्याच्या मॅरेथॉनमध्ये. बेचाळीस किलोमीटर आणि वर एकशे पंच्याण्णव मीटर. ते वरचे एकशे पंच्याण्णव कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाला, "आबा, बेचालीस पायांनी पलायचं, वरचं नुस्त्या लाजंनी."

त्र्याण्णव साली तिथं त्याला तीन तास चार मिनिटं लागली. त्याला तीन तासांच्या आत यायचं होतं. वय अडतीस. "चार मिनिटं, आबा," तो माझ्याकडे बघून असं म्हणायचा, जसं काही ती मीच फडताळात लपवून ठेवली आहेत. आणि त्याच शर्यतीत गुडघा सुजला, आणि डॉक्टर ते मघाचं बोलले. मातीवर पळा.

आता माती म्हणाल तर राईत एकच जागा होती. गावच्या शेवटच्या घरापासून खाडीकडे जाणारा खाजणाचा बांध. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून आमच्या आज्या-पणज्यांनी घातलेला. त्याच्या टोकाला उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं लाकडी दार. ईश्वरनं तो बांध सायकलच्या चाकानं मोजला. गाळ्यातून पट्टी आणून चाकाचा घेर काढला, दोन मीटर सात सेंटीमीटर. चाकाला लाल दोरा बांधला. तो सायकल ढकलायचा आणि दर शंभर चक्करांना त्याची बायको शालू ओच्यात एक चिंचोका टाकायची. उघाडीपाशी बरोबर दहा चिंचोके झाले. म्हणजे जाऊन-येऊन चार हजार एकशे चाळीस मीटर. अशा दहा फेऱ्या आणि वर आठशे मीटर, की झाली मॅरेथॉन. ते आठशे गावातून मारुतीच्या देवळापर्यंत. रविवारी तो देवळाच्या पायरीला हात लावायचा तेव्हा आतली घंटा कुणीतरी वाजवायचंच, पुष्कळदा मीच.

फेऱ्यांच्या मध्ये उघाडीवर बसून गूळ-मीठ घातलेलं पाणी प्यायचा आणि बोलायचा. मी ऐकायला असायचोच, मला दुसरं काम काय? त्याची मतं ठाम. क्रिकेटबद्दल म्हणायचा, "अकरातले नऊ नुस्ते उभे. त्याला खेल म्हनायचा तर आपल्या देवलाचा खांब पन खेलाडू." राजकारणाबद्दल म्हणायचा, "पुढारी म्हंजे शंभर मीटरवाला. मतदानापरयंत काय पलतो, काय पलतो! आन मंग पाच वर्सं मांडी घालून दम खातो." आणि विज्ञान तर विचारूच नका. भरती-ओहोटीच्या वेळा वहीत लिहून, त्यापुढं स्वतःच्या वेळा लिहून त्यानं शोध लावला होता की भरतीला फेरी पंधरा सेकंदांनी लवकर होते. का? तर माणूस म्हणजे मिठाचं पाणी. चंद्र खाडी ओढतो, तसा माणसालाही ओढतो.

मी म्हटलं, "मग तुझी भरती बघून पुण्याच्या शर्यतीची तारीख ठेवायला हवी."

"हसू नको आबा. चंद्र हाय म्हनून सगला हाय. चंद्र नसला तर सगला फसला."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं माझ्याच गळ्यात आलं ते.

चौऱ्याण्णवच्या पावसात बांध तीन ठिकाणी खचला. खेकड्यांनी पोखरलेलाच होता. ईश्वर खड्डे चुकवत उड्या मारत पळायला लागला, आणि उड्या मारल्या की गुडघा कुरकुरायचा. तेवढ्यात नगरसेवक काशीनाथशेठ एका हळदीला गावात आले. ईश्वरच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "राईचं नाव पेपरात आणलंस. बोल, तुला काय पाहिजे?"

"बांध नीट करून पायजे. पलायला मातीचा ट्रॅक."

"एवढंच? गावाच्या सह्या घे, अर्ज दे. मंजूर समज."

अर्ज म्हटलं की गाव माझ्याकडे येतं. मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो, पण अक्षर असं की कचेरीतले साहेब एकमेकांना बोलावून दाखवतात. ओटीवर बसलो, चष्मा पुसला आणि लिहिलं : ‘विषय – राई येथील खाजणाच्या बांधावर धावण्यासाठी मातीचा ट्र्याक मिळणेबाबत.’

शालू डोकावली. ती दहावी झालेली, बालवाडीत शिकवणारी. हसू दाबत म्हणाली, "आबा, हे काय? हल्ली ट्र्याक, म्याच, ब्याट असं कोण लिवत न्हाय. तो ‘या’ जुना झाला. काढा त्याला."

"काढतो बाय."

ती आणखी काही सांगणार होती, तेवढ्यात तिच्या घरी चुलीवरचा भात उतू गेला आणि ती धावली. मी नवा कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात, ‘या’ काढून, अर्ज पुन्हा लिहिला. आम्ही शिकलो तेव्हा अक्षराच्या डोक्यावर चंद्रकोर द्यायची पद्धत आमच्या मास्तरांना तरी ठाऊक होती की नाही कोण जाणे. ‘या’ काढल्यावर त्याच्या जागी काही ठेवावं लागतं, हे मला माहीतच नव्हतं. पहिली सही ईश्वरची. त्याच्यासकट एकसष्ट सह्या आणि अंगठे. बबनदादानं तर दोन अंगठे दिले, एक घरात नसलेल्या भावाचा.

दिवाळी झाली. पुण्याच्या शर्यतीला महिना उरला होता. ईश्वर फॉर्मात होता, वहीतली वेळ तीन तासांच्या आत आली होती. तीन तासांना पस्तीस सेकंद कमी! दहाव्या फेरीनंतर देवळाच्या पायरीवर बसून तो गालातल्या गालात हसत होता आणि शालू त्याचा गुडघा चोळत होती. तेव्हा काशीनाथशेठचा निरोप आला : अर्ज मंजूर, रविवारी सकाळी नऊला उद्घाटन, अर्जदारानं स्वच्छ कपडे घालून यावं.

आम्ही सगळे गेलो. बांधाच्या तोंडाशी मांडव, कर्णा, खुर्च्या. कापडी फलक : ‘राई ग्रामस्थांच्या मागणीला यश’. आणि फलकाच्या मागं, कपाळाला हळद-कुंकू लावलेले, झेंडूच्या माळा घातलेले, दगड-मातीनं भरलेले सात ट्रक.

ईश्वर म्हणाला, "शेठ, माती टाकायला एवरं ट्रक कशाला? दोन पुरं होते."

शेठ हसले. "अरे, ही तर सुरुवात. आधी बांध रुंद करायचा. मग पलीकडच्या खाजणात भरणी. रोज चाळीस येतील. बिल्डिंगी येतील, पूनम सागरसारख्या! तुम्हीच तर मागितलंत."

"आम्ही? आम्ही ट्रॅक मागितला."

शेठनी कारकुनाकडे हात केला. कारकुनानं फाइल उघडली. माझं अक्षर मी दहा हातांवरून ओळखलं. त्यानं मोठ्यानं वाचलं, "‘खाजणाच्या बांधावर धावण्यासाठी मातीचा ट्रक मिळणेबाबत. तरी सदर ट्रक लवकरात लवकर मंजूर करावा, ही समस्त ग्रामस्थांची नम्र विनंती.’ खाली सह्या एकसष्ट. पहिली, ईश्वर भोईर. ही तुमचीच ना?"

ईश्वरनं कागद हातात घेतला. त्या शब्दाकडे असा बघत राहिला, जसं गाळ्यात आटे चुकलेल्या लोखंडी नटाकडे बघावं. मग माझ्याकडे बघितलं. मी कुठं बघू? मी मांडवाच्या झालरीकडे बघत होतो. शालूनं पदर तोंडावर धरला. तिला कळलं होतं.

"साहेब, वर चंद्र राहिला," ईश्वर हळूच म्हणाला.

"कसला चंद्र?"

"अक्षरावरचा."

कारकून भला माणूस होता. कागद उलटा-सुलटा करून बघून म्हणाला, "भोईर, मंजुरी जशी मागितली तशी झाली. आता वर चंद्र काढला तर ती खाडाखोड होते."

यापुढं काय बोलणार? पुढारी लबाड असता तर भांडता आलं असतं. कारकुनानं पैसे खाल्ले असते तर मोर्चा नेता आला असता. इथं गावानं मागितलं आणि सरकारनं दिलं, आयुष्यात पहिल्यांदा वेळेत दिलं! शेठनी ईश्वरच्या गळ्यात हार घातला आणि हातात नारळ दिला. पहिला अर्जदार, मान त्याचाच. फोटोवाला म्हणाला, "जरा हसा." ईश्वर हसलाही. मग ट्रकच्या चाकाजवळच्या दगडावर त्यानं नारळ फोडला, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि हार गळ्यात तसाच ठेवून बांधावर पळत सुटला.

मागून पहिला ट्रक. बांध एका ट्रकापुरताच. पुढं जाता येईना, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला. ईश्वर बाजूला होईना. झेंडूच्या पाकळ्या मागं उडत होत्या आणि ट्रक त्या चिरडत होता. पोरंबाळं, बाया, म्हातारे, सगळे ओरडत होते. कुणी म्हणे पळ, कुणी म्हणे बाजूला हो. मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. फ्रँकला सुट्टी होती, ईश्वरच्या वेळा मोजायचं त्याचं दुबईचं घड्याळ घेऊन तो उद्घाटनाला आला होता; सवयीनं त्यानं ते सुरू केलं आणि ट्रकच्या फूटबोर्डावर चढला. ईश्वर उघाडीपर्यंत पोचला. उघाडीच्या पलीकडे जायला वाट नव्हती, तेव्हा तो बाजूला झाला. ट्रकनं पाठ वर केली आणि माती ओतली.

फ्रँकनं वेळ सांगितली : सात मिनिटं, तीन सेकंद. दहा चिंचोक्यांचं अंतर इतक्या लवकर तो आधी कधीच पळाला नव्हता.

पुढं सांगण्यासारखं फार नाही. बांधावर दगड आणि विटांचे तुकडे पडले. ईश्वर चार दिवस त्यावर पळाला, पाचव्या दिवशी गुडघ्यानं पळू दिलं नाही. पुण्याहून छातीवर लावायचा नंबर पोस्टानं आला, तो शालूनं देवाच्या फोटोमागं ठेवला. शर्यतीच्या सकाळी ईश्वर ओटीवर गुडघ्याला हळद-मिठाचा लेप लावून बसला होता. समोरून ट्रक जात होते आणि तो ते मोजत होता, दर दहा ट्रकांना एक चिंचोका. मी महिनाभर त्याच्या घरावरून जाताना मान खाली घालून जात होतो. पण त्या सकाळी राहवलं नाही. जाऊन शेजारी बसलो. पुण्यात तेव्हा शिट्टी झाली असेल, असा माझा अंदाज.

म्हटलं, "ईश्वरा, सातवी शिकलेल्या माणसानं तुझा बांध घालवला. तुझी चार मिनिटं घालवली. तुला माझा राग येत नाही?"

त्यानं हातातला चिंचोका वाटीत टाकला, गुडघा दोन्ही हातांनी उचलून जरा सरळ केला आणि म्हणाला,

"राग कसला आबा, सही तर मी पन न वाचताच केली. पन तुजा अक्षर चांगला हाय, तवा एक काम कर. पुन्याला अर्ज लिव, का म्होरल्या सालच्या शर्यतीत ईश्वर भोईरच्या पाठी एक ट्रक मंजूर व्हावा. आन या खेपंला पन वर चंद्र देऊ नको."