नानाच्या टायरमधला कापूस

कुसुम, आठवतंय का ग... जळगावात धुळ्याच्या रस्त्यावर आपण दोघी एकाच शालीत बसून बोरं खात होतो. बिया कोण लांब थुंकतं याची पैज लागली होती. स्वातंत्र्याच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. मी दहा वर्षांची, तू आठची.

आपण नानाची वाट बघत होतो. (बाकीच्यांसाठी सांगते, नाना म्हणजे माझा धाकटा काका. डाळीच्या गिरणीत मिस्त्री होता.) धुळ्याहून पारोळा, एरंडोल करत जळगावपर्यंत सायकलची शर्यत होती. साठेक मैल, सगळा खडीचा रस्ता.

वाटेतल्या प्रत्येक चौकीवर स्वाराच्या कार्डावर शिक्का मारत. आदल्या वर्षी नानाच्या कार्डावर पारोळ्याच्या चौकीचा शिक्का नव्हता. तो म्हणे, शिक्केवाला चहाला गेला होता. लोक म्हणत, नाना आडवाटेनं आला. या वेळी काही वावगं निघालं तर व्यायामशाळेच्या वहीतून त्याचं नाव कायमचं जाणार होतं. त्यामुळे लोक शर्यतीपेक्षा नानालाच बघायला आले होते...

अकराच्या सुमारास पंच आले. ते व्यायामशाळेचे ड्रिल मास्तर. एरंडोलच्या चौकीवरचा माणूस मोटारीनं पुढे आला होता, त्यानं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. मास्तरांचा चेहरा बदलला. नानाच्या मागच्या चाकाची ट्यूब फाटलीय, तो सायकल हातात धरून चालतोय आणि सगळ्यांच्या मागे आहे, अशी बातमी होती.

आणि तासा-दीड तासानं रस्त्यावर पहिला कोण दिसावा? नाना! धुळीनं पांढरा झालेला... सायकल धप धप असा विचित्र आवाज करत होती. एकानंही टाळी वाजवली नाही.

"कोणत्या ट्रकनं सोडलं रे भाऊ?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. लोक हसले.

मास्तरांनी टायर तपासले. धुळ्याला लावलेली तांबड्या रंगाची खूण दोन्हींवर होती, म्हणजे सायकल तीच. मग हा आला कसा? तेवढ्यात त्यांचं लक्ष आपल्याकडे गेलं. "तू याची पुतणी ना? काल घरी कोण आलं होतं?"

मी भुसावळच्या कॉन्व्हेंटात शिकत होते. विचारलं की खरं सांगायचं, तेही ताठ उभं राहून, एवढं सिस्टरांनी अंगात मुरवलं होतं... मी उभी राहिले आणि स्पष्ट आवाजात सांगितलं, "काल एक ट्रकवाला आला होता. नाना त्याच्याशी दाराआड कुजबुजत होता."

मग जो गलका झाला, तो अजून कानात आहे. कुसुम, तू माझा हात सोडलास. आणि खरं सांगू? मलाही वाटलंच होतं की नाना ट्रकमधून आला. रात्रभर मला त्या कुजबुजीचा संशय होता.

नाना माझ्यावर रागावला नाही. म्हणाला, "चिमी बरोबर बोलते, मास्तर. आला होता तो. काळ्या बाजारातली ट्यूब मागितली होती मी. मिळाली नाही." लढाईपासून रबर कुठेच मिळत नव्हतं. पण काळ्या बाजाराचं असं भर रस्त्यात कबूल करणं म्हणजे...

मग तो म्हणाला, "टायर कापा."

"आणि कापल्यावर आत ट्यूब निघाली तर?" मास्तरांनी विचारलं.

"तर वहीतलं नावही कापा."

मास्तरांनी चाकू मागवला. मागचा टायर चिरला आणि आतून कापूस बाहेर आला... ओला, दाबून दगडासारखा झालेला, सरकीसकट. मग पुढचा चिरला. त्यातही कापूस!

झालं होतं असं. एरंडोलच्या पुढे मागची ट्यूब फाटली. सरकी काढायला जिनात चाललेल्या कापसाच्या गाड्या रस्त्यातच उभ्या होत्या. नानानं एका म्हाताऱ्या गाडीवानाकडून कापूस घेतला, भिजवला आणि ट्यूबच्या जागी ठोकून बसवला. आणि मग धडधाकट असलेल्या पुढच्या चाकाचीही हवा सोडून त्यातही कापूस भरला!

गाडीवान ओरडला म्हणे, "आरे भो, तुले काय येड लागनं का? चांगलं चाक कसाले मोडस?"

पण कुंपणासाठी बाभळीच्या फांद्या ओढून नेल्यानं पुढचा सगळा रस्ता काट्यांनी भरला होता. बाकीचे दर मैलाला उतरून ठिगळं लावत बसले. नानाच्या चाकात हवाच नव्हती, काटा काय करणार? तळहात सोलून निघाले, पण तो कुठे थांबला नाही.

ट्रकमधून आलेल्या सायकलीतला कापूस असा दाबून दगड होत नाही. मास्तरांनी चाकू मिटला. आदल्या वर्षीचं कार्ड नानाच्या खिशातच होतं; त्यावर राहिलेला तो शिक्का त्यांनी तिथेच, आपल्या हातानं मारला. शर्यत जिंकून कप मिळाला, त्यापेक्षा नाना त्या शिक्क्यानं जास्त रडला.

नानाला जाऊन तीस वर्षं झाली. त्याची पेटी माझ्याकडे आहे आणि आता माझंही वय झालंय, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहून ठेवते. कप कुसुमच्या प्रकाशला. शिक्क्याचं कार्ड मास्तरांच्या नातीला, धुळ्याला. ती मागत नाही, पण तिला मिळायला हवं.

चिरलेला टायर माझ्या धाकट्या नातीला, मीराला. ती वकिली शिकते आहे. दहा वर्षांची एखादी मुलगी ताठ उभी राहून खरं सांगत असेल, तर मीरानं तिला आणखी एक प्रश्न विचारावा... "बाळ, ते काय कुजबुजत होते, ते तू ऐकलंस का?"