हौदावरचा फौजदार

भुजंग उढाण हौदाच्या काठावर उकिडवा बसला होता. उजव्या हातात पेचकस, डाव्या हातात आवरण चढवलेली वीतभर तांब्याची तार. ती तार शिडीशेजारच्या, मोटार चालू-बंद करणाऱ्या पेटीतल्या दोन स्क्रूंमध्ये अडकवली की काकासाहेबांचा राग निवणार होता आणि पेटीही जागेवर राहणार होती. पण त्यानंतर हौदाच्या पाण्यात कधी करंट उतरलाच, तर मोटार बंद पाडणारं कुणी उरणार नव्हतं.

सकाळीच काकासाहेब बोलून गेले होते, "चार दिस झाले, तुझा फौजदार रोज दुपारी सगळं बंद पाडून राह्यला. पाणी हिरवं पडलं म्हणून काल सगळं बदललं. आज पाचला नंदा पाण्यात उतरणार. तवर फिल्टर चालला पाहिजे. ते कडं काढ न्हाईतर तार जोड, मला काय त्यातलं कळत न्हाई. न्हाई जमलं तर सरळ सांग, पुण्याहून तयार पॅनल मागवतो."

हे १९९८ सालच्या मे महिन्यातलं. काकासाहेबांचा बियाणांचा धंदा होता आणि जालन्याबाहेर अंबड रस्त्याला मोसंबीच्या बागेत बंगला. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी नंदाबाई जिन्यावरून घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करणारे डॉक्टर म्हणाले, रोज तासभर छातीइतक्या पाण्यात चाला. म्हणून बंगल्यामागं वीस बाय बाराचा, निळ्या फरशीचा हौद बांधला. आजूबाजूचे लोक हसले. पण वापरून झालेलं पाणी पाटानं मोसंबीला जायचं, आणि नंदाबाई सहा महिन्यांत वॉकर सोडून काठीवर आल्या. मग हसणारे आपापल्या आयांना घेऊन हौद बघायला यायला लागले.

भुजंग मूळचा घनसावंगीकडच्या एका खेड्यातला. १९८१ साली आयटीआय करून एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये वायरमन म्हणून लागला. मिलमध्ये मोटारी, घरी रेडिओ. औरंगाबादला गेला की रद्दीतून इलेक्ट्रॉनिक्सची इंग्रजी मासिकं आणायचा. इंग्रजी बेताचंच, म्हणून मजकूर सोडून द्यायचा आणि आकृत्या वाचायचा. एकेका आकृतीवर तो आठवडा काढी. बायको सोनूबाई म्हणायची, "लोक पोथी लावतात, आमच्याकडं हे नकाशे लावतात."

काकासाहेबांच्या बंगल्यावरची विजेची कामंही तोच बघायचा, आणि हौदाची पेटी त्यानं अशाच आकृत्या जुळवून केली. खोकं जुन्या स्टॅबिलायझरचं. सायकलच्या तीन स्पोका पाण्यात सोडलेल्या. पाणी खाली गेलं, वरची स्पोक उघडी पडली की विहिरीवरची मोटार आपोआप चालू. पाणी किती गरम, ते लाल आकड्यांत दिसायचं. पाइपच्या एका बाजूला बारीक दिवा, समोर उजेड ओळखणारी टिकली. पाणी गढूळ झालं की उजेड कमी पोचायचा आणि फिल्टर सुरू व्हायचा.

पण त्याचा खरा जीव होता त्या कड्यात. हौदाकडं करंट नेणारी आणि परत आणणारी, अशा दोन्ही तारा त्यानं एका लोखंडी कड्यातून ओवल्या होत्या. गेला तेवढाच करंट परत आला तर कडं गप्प. वाटेत थोडा जरी कुठं मुरला तर खट्कन सगळं बंद. नंदाबाई ओल्या अंगानं स्टीलची शिडी धरून पाण्यात उतरायच्या. कडं त्यांच्यासाठीच होतं. पेटीला 'फौजदार' हे नाव त्यांनीच ठेवलेलं.

आता तोच फौजदार चार दिवस विनाकारण शिट्टी मारत होता. भुजंगनं मोटार उघडून पाहिली, कोरडी ठणठणीत. तारा तपासल्या. संध्याकाळी बटण दाबलं की सगळं निमूट चालू व्हायचं, दुपारी परत खट्. आपलंच कडं चुकतंय का? मिलमध्ये असली अडून बसणारी बटणं त्यानं किती वेळा तार टाकून गप्प केली होती! इथंही टाकावी...

"भुजंगभाऊ," मागून काठी टेकत नंदाबाई आल्या. "तुमचा फौजदार माझ्यावर रुसला का हो?"

"न्हाई वैनी. तोच चुकून राह्यला की मी, ते बघतो."

"बघा बराबर. पण तुम्ही म्हणाल तेव्हाच मी पाय घालीन पाण्यात. पुण्याचं पॅनल मला ओळखत न्हाई."

त्या गेल्या आणि भुजंगनं तार खिशात घातली. पेटीकडं बघणं सोडून तो हौदाच्या आजूबाजूला फिरायला लागला. माळ्याच्या खोलीच्या भिंतीला लागून अर्थिंगचा पाइप जमिनीत गेला होता. हौदाची शिडी त्याच पाइपला जोडलेली. भर मे महिन्यात जमीन भेगाळलेली, आणि पाइपाभोवती मात्र हातभर माती ओलीगच्च.

तो मोसंबीच्या सावलीत जाऊन थांबला. दीडच्या सुमारास माळी भिवा, भुजंगच्याच गावचा, जेवून आला, हातात बादली. इकडंतिकडं न बघता त्यानं ती पाइपाच्या बुडाशी ओतली, खोलीत गेला. आतून कूलरच्या बटणाचा आवाज आला आणि पेटीनं उत्तर दिलं. खट्!

"भिवा, भाईर ये!"

भिवा डोळे चोळत आला. "काय झालं? लाईट गेली जणू."

"लाईट न्हाई गेली. कूलर कुठून घेतला?"

"मेव्हण्यानं दिला, जुना हाय. चार दिस झाले, पण रोज दुपारी लाईटच जाती राव."

"वायर कुठून घेतली म्हणतो मी!"

"तुझ्या पेटीतून. खालच्या इस्क्रूवरून एक तार काढली. दुसरी तार नव्हती, मंग पाइपाला बांधली. पाणी वतलं म्हंजे जोर धरती."

भुजंगची नजर पाइपावरून त्यालाच जोडलेल्या शिडीवर गेली. त्यानं भिवाला हौदापासून लांब उभं केलं, खिशातली तार क्षणभर स्क्रूंमध्ये धरली. कूलर घरघरला. मग उरलेल्या हातानं टेस्टर शिडीला लावला. त्यातला दिवा तांबूस पेटला. त्यानं झटक्यात तार ओढून काढली.

काकासाहेब गच्चीवरून बघत होते, ते खाली आले; शिडीत करंट उतरल्याचं भुजंगनं त्यांना सांगितलं. पाच वाजता ती शिडी कुणाच्या हातात असणार होती, हे कुणाला सांगावं लागलं नाही. भिवा आत जाऊन कूलरचं बटण बंद करून आला.

"भिवा, ही असली जोडणी तुला शिकवली कुणी?" काकासाहेबांनी विचारलं.

भिवानं मान वर केली. "ह्यानंच. चौऱ्याऐंशी साली आमच्या आळीला लाईट आल्ती. तार पुरंना. तवा हाच म्हणला, एक तार खांबावरून घ्या, दुसरी जमिनीत खुंटी ठोकून. मंद पडली की घागरभर पाणी वता. सगळी आळी तशीच तर चालून राह्यली."

भुजंग हातातली तार गुंडाळत राहिला. त्याला ती लोखंडी खुंटी आठवली, त्याच्या हातची. तेव्हा आपण मोठी हुशारी केली असं वाटलं होतं. आळीनं नारळ देऊन त्याचा सत्कार केला होता.

"पुण्याला फोन करत न्हाई आता," काकासाहेब हळू आवाजात म्हणाले. "तुझं कडं राहू दे बाबा तिथंच."

भुजंगनं घरात जाऊन पुरती दोन तारांची वायर आणली. हौदाच्या पेटीतली जोडणी काढून कूलरला बंगल्यातून वेगळी लाईन दिली. अडीचला कूलर गार वारा टाकायला लागला, बाहेर फिल्टर घुमत होता आणि फौजदार गप्प होता. साडेचारला भुजंगनं शिडीला परत टेस्टर लावला. अंधार. मग त्यानं टेस्टर खिशात घातला आणि मूठ आवळून शिडी धरली, बराच वेळ.

पाचला नंदाबाई आल्या. "काय म्हणतो फौजदार?"

"उतरा वैनी. बिनधास्त उतरा."

पाण्यात त्यांची पहिली पावलं पडली तेव्हा भुजंगला चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला. भिवा काठावर टॉवेल घेऊन उभा होता.

"भिवा, ऐतवारी सुट्टी घे," भुजंग म्हणाला. "गावाकडं जाऊ. तुझ्या घरापासून धरू, आळीतल्या सगळ्या खुंट्या उपटायच्या."

"आन् मंग दुसरी तार?"

"मी घेऊन येतो. ह्या वेळेस पुरती आणतो."