त्याच्या लॅपटॉपशिवाय

आमच्या कंपनीत एक काम फक्त माझ्या एका सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर व्हायचं. ते कुठल्याही मशीनवर व्हावं म्हणून मला चार आठवडे त्याच्या शेजारची खुर्ची मिळाली.

कंपनी लहान, बोळिंजला एका सोसायटीच्या तळमजल्यावर दोन खोल्या. गोदामातल्या खोक्यांवरचे बारकोड वाचणारे प्रोग्रॅम आम्ही करतो. त्यांच्या मुळाशी पाच लायब्रऱ्या आहेत, म्हणजे अनेक प्रोग्रॅमना लागणारे कोडचे तयार गठ्ठे. तोच कोड विंडोज, मॅक, लिनक्स आणि अँड्रॉइड फोन, सगळीकडे चालावा लागतो. त्यासाठी प्रत्येकाची वेगळी फाइल तयार करायची, त्याला बिल्ड म्हणतात. पाच लायब्रऱ्यांच्या बिल्डच्या पाच कृती होत्या, म्हणजे मशीनने ओळीने पाळायच्या सूचना, एकीवरून दुसरी उतरवलेली. एकीतली चूक सुधारली तरी बाकीच्या चारांत ती राहायचीच. आणि मॅकचं बिल्ड फक्त त्याच्याकडे. तो गणपतीला कोकणात गेला की मॅकवाल्यांनी थांबायचं.

मग त्याला जर्मनीत नोकरी लागली. मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाले, "जायच्या आधी सगळं एका कृतीत आण. पाचही लायब्रऱ्या त्याच कृतीने, कोणाच्याही मशीनवर. तुझ्याशिवाय चाललं पाहिजे."

"चार वर्षांत माझ्याबद्दल इतकं छान कोणी बोललं नव्हतं," तो म्हणाला. सगळे हसले. मी हसले नाही, कारण शिकून घ्यायला त्यांनी माझं नाव घेतलं होतं.

मी इंग्रजी शाळेतली. घरी गिरीजला आमची वाडीतली बोली, कामात इंग्रजी. या दोन्हींच्या मधली मराठी मी सगळ्यात जास्त त्याच्याशी बोलले. म्हणून हे मराठीत लिहितेय.

ऑफिसने एक कोरं मॅक मशीन घेतलं होतं. रोज सकाळी आम्ही ते पुसून पुन्हा कोरं करायचो आणि कृती चालवायचो. कुठेतरी अडायचंच. मशीनला जे सापडत नसे ते त्याच्या लॅपटॉपमध्ये कुठेतरी असायचं, त्यानेच कधीतरी टाकलेलं आणि विसरलेलं.

"पकडला अजून एक चोर," तो म्हणायचा आणि त्या चोराची गोष्ट सांगायचा. "हे मी राजोडीला टाकलं होतं. घरचे सगळे पाण्यात, मी वाळूत लॅपटॉप घेऊन. आईने अजून माफ केलेलं नाही."

"वाळू गेली नाही आत?"

"गेली ना. अजून ही कळ दाबली की करकरते. बघ."

मी ती कळ दाबून बघितली. करकरत होती.

चोर मी वहीत लिहून ठेवायचे. पहिल्या आठवड्यात दिवसाला चार-पाच, तिसऱ्यात एखादाच. माझ्या हाताखाली कृती स्वच्छ होत होती, आणि मी मनात म्हणत होते, अजून असू देत. त्याच्या घरी कोण कोण आहे, तो परत कधी येणार, हे मी विचारलं नाही. विचारण्यासारखं माझ्याकडे फक्त बिल्ड होतं.

शेवटच्या आठवड्यात मंगळवारी पाचही लायब्रऱ्या कोऱ्या मशीनवर न अडता झाल्या. तो नाक्यावरून चहा घेऊन आला. "झालं, मॅडम. आता मी नसलो तरी कोणाचं काही अडत नाही."

बुधवारी तो लॅपटॉप बंद करून काही कागदांसाठी बाहेर गेला. मला करायला काही नव्हतं, म्हणून मी मशीन पुसलं आणि पुन्हा बिल्ड लावलं. ते अडलं. तासाभराने तो आला, लॅपटॉप उघडून मेल बघत बसला. मी काहीच न बदलता पुन्हा लावलं, तर झालं.

शोधायला फार वेळ लागला नाही. एक छोटी फाइल इंटरनेटवरून येते असं आम्ही धरून चाललो होतो. ती येत होती ऑफिसच्या वायफायवरून, शेजारच्या लॅपटॉपमधून. रोज मशीन कोरं करताना आम्ही दोघं मशीनशेजारीच बसत होतो, त्याचा लॅपटॉप उघडा ठेवून.

मी वहीत ते लिहिलं नाही.

शुक्रवारी, शेवटच्या दिवशी, तो लॅपटॉप कंपनीला परत करणार होता. सोमवारी बिल्ड अडलं असतं आणि मॅनेजर मला म्हणाले असते, "त्याला फोन कर." मला करावाच लागला असता. काय बोलायचं याचा प्रश्नच आला नसता, बोलायला कारण असतं. बुधवारची संध्याकाळ आणि गुरुवारचा अख्खा दिवस मी तो फोन मनात करत होते.

गुरुवारी घरी आले तेव्हा डॅडी वाडीत केळीचे मुनवे साफ करत बसले होते. केळीच्या बुडाशी फुटतात ती पिल्लं, ती काढून दुसरीकडे लावायची. बुडाच्या गड्ड्याला चिकटलेली माती आणि जुनी मुळं ते कोयत्याने तासत होते, आतला पांढरा भाग दिसेपर्यंत. आमच्या बोलीतलं त्यांचं बोलणं इथे साध्या मराठीत लिहिते.

"कोणाला द्यायचेत?" मी विचारलं.

"निर्मळला, एका ओळखीच्यांना."

"मग तेच करतील ना साफ."

"त्यांना काय माहीत, बाय, आपल्या मातीत काय आहे? आपली कीड त्यांच्या वाडीत कशाला पाठवायची?" त्यांनी एक गड्डा उलटा करून मला दाखवला. "हा आता कुठेही लागेल."

"नाही लागला तर येतील परत विचारायला."

"यावं म्हणून कोणी खराब मुनवा देतं का?" ते हसले. त्यांना काही माहीत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी ती छोटी फाइल जिथून यायची तो पत्ता बदलून इंटरनेटवरचा केला. मग त्याला म्हटलं, "लॅपटॉप जरा बंद करायचा का?"

त्याने बंद केला. आम्ही दोघं कोऱ्या मशीनकडे बघत बसलो. पाचही लायब्रऱ्या झाल्या. मी काय बदललं ते दाखवलं तेव्हा तो कपाळाला हात लावून हसला.

"अगं, हा तर चोरांचा सरदार! कधी सापडला?"

"आज," मी म्हणाले.

"वाचलीस. नाहीतर सोमवारी मला तिकडे फोन लावत बसली असतीस."

"हो ना."

जायच्या आधी त्याने मला त्याचा नवा नंबर दिला. "अडलं तर कर," म्हणाला.

आता सहावी लायब्ररीही त्याच कृतीत आली आहे, जोडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. मॅनेजर खूश आहेत. मी रोज सकाळी ऑफिसला येते, पिशवी खाली ठेवायच्या आधी बिल्ड कुठे अडलंय का ते बघते. अडलेलं नसतं.