दहापैकी नऊ

त्या कवितेतल्या सरदाराचा मला पहिल्या दिवसापासून राग आला. तळ्याकाठी फिकट तोंड करून बसलाय, आणि कुणी नुसतं "काय झालं रे बाबा?" विचारलं की सुरू! म्हणे एक बाई भेटली, जादूगारीण. तिनं मध खाऊ घातला, कंदमुळं खाऊ घातली, झोपवलं आणि माझं वाटोळं केलं. अरे मेल्या, खाताना काही वाटलं नाही?

टी.वाय.ला आम्हाला ही इंग्रजी कविता होती. सर पिवळ्या पडलेल्या वहीतून नोट्स सांगायचे आणि आम्ही त्या उतरवायच्या. सरदार म्हणजे बळी, बाई म्हणजे विनाशिनी, विषय संपला. मी उभी राहून म्हटलं, "सर, ही सगळी त्याचीच साक्ष आहे. तिला कुणी विचारलंच नाही." सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुला वकील व्हायचंय की पास व्हायचंय?" सगळा वर्ग खिदळला.

माझा जीव का जळत होता, ते त्यांना काय ठाऊक! मी निर्मळ गावी आत्याकडे राहत होते. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिचं एकदा लग्न ठरलं होतं, आचोळ्याला राहणाऱ्या एका नोकरदाराशी. साखरपुडा झाल्यावर तो दर रविवारी यायचा, तिच्या हातचं चाटूनपुसून खायचा. मग त्याला कावीळ झाली, आणि लग्न मोडताना तो चारचौघांत बोलला, "हिनं मला काहीतरी खायला घातलं." झालं! तेव्हापासून देवळाच्या भंडाऱ्याला आत्याला भाजी चिरायला बसवतात, पण चुलीकडे फिरकू देत नाहीत. वीस वर्षं ती दुधी आणि कोबी चिरतेय, फोडणी दुसरीच कुणीतरी घालतेय. वर पुन्हा "तुमच्यासारखं बारीक कुणाला जमत नाही हो" हे कौतुक. आग लागो त्या कौतुकाला.

म्हणून पहिल्या चाचणीत मी मनातलं लिहिलं. सरदार खोटारडा आहे, स्वतःच्या दुखण्याचं खापर त्यानं बाईच्या माथ्यावर फोडलं. दहापैकी दोन मिळाले. शेजारी लाल शाईत सरांनी लिहिलं होतं, नोट्स वाचा.

मला बी.एड.ला जायचं होतं, त्यासाठी फर्स्ट क्लास हवा होता. प्रिलिमला तोच प्रश्न आला. मी दात-ओठ खात नोट्स ओकल्या, वर पदरची दोन वाक्यंही घातली, तिच्या हातचं अन्नच विष होतं वगैरे. दहापैकी नऊ! सरांनी माझ्या उत्तराच्या झेरॉक्स वर्गभर वाटल्या, उत्तर असं लिहायचं म्हणून.

आत्यानं एक झेरॉक्स देवापुढे ठेवली, तिला हळदकुंकू वाहिलं. मग मोगऱ्याचे गजरे ओवायला बसली आणि म्हणाली, "मराठीत सांग की. कळू दे तरी, एवढं काय लिहिलंस."

मी आधी भुकेचं निमित्त केलं. ती ऐकेना. मग नको ते गाळून सांगायला गेले, तर गोष्टच जुळेना. ती मध्येच अडवायची, "आजारी पडला? कशानं?" शेवटी सगळं सांगावं लागलं, विषाचं वाक्यसुद्धा.

तिचा हात थांबला. "त्यानं खाल्लं, तो आजारी पडला आणि दोष तिचा? हे तू लिहिलंस?"

"मार्कांसाठी गं, आत्या."

"गावानं तर फुकटच म्हटलं. त्यांना कुठं कुणी मार्क दिले होते?"

मला रडू फुटलं. माझा स्वतःचाच इतका संताप आला की ती झेरॉक्स फाडायला मी हात घातला, तर तिनं माझं मनगट धरलं. "राहू दे. तुझ्या नोकरीला लागेल." मग उठली, पाट मांडला, भात वाढला, वर वालाचं बिरडं घातलं आणि ताट माझ्यापुढे सरकवलं.

"खाशील ना माझ्या हातचं?"

मी पाटावर बसून जेवू लागले. तिसऱ्यांदा भात मागितला, तिनं वाढला. पण एरवीसारखं "हावरट मेली" म्हणाली नाही.