नागलोकातल्या बुढीचं सुतक

मी एकदा पुस्तकातल्या बाईचं सुतक पाळलं आहे. चूल पेटवली नाही, डोक्याला तेल लावलं नाही आणि शेजारणींनी आणलेलं पिठलं मान खाली घालून खाल्लं. दोनेक वर्षं झाली याला. तेव्हा मी तरुण होते, अडुसष्टाची असेन. त्या वयात माणसाला पोच नसते. आता सत्तरी गाठली, जरा पोक्तपणा आला, म्हणून सांगायला हरकत नाही.

पुस्तक पाच भागांचं होतं. एका शाळकरी पोरीला कळतं की आपल्या आईचं माहेर पाताळात आहे, नागलोकात. मग ती पाठीवरचं दप्तर न काढताच खाली उतरते. तिथं गरुडांचं सैन्य, चोरीला गेलेला अमृताचा कुंभ, आणि दर भागाच्या शेवटी जगबुडी दारात येऊन उभी. पहिला भाग माझ्या नातीला आमच्या दारव्ह्याच्या घरासमोर बुद्धविहार आहे, तिथल्या वाचनालयात सापडला. नात राहते यवतमाळला, लोहाऱ्याकडे. शाळेला सुट्टी लागली की ती माझ्याकडे येणार आणि तिच्या थैलीत पुढचा भाग असणार, हे ठरूनच गेलं.

ओट्यावर बसून ती मोठ्यानं वाचायची, मी तुरीच्या शेंगा सोलायची. विहाराच्या वाचनालयाची किल्ली जिच्याकडे असते ती समोरची शेजारीण पहिल्या दिवशी नुसती डोकवायला आली आणि जी बसली ती बसलीच. भिंतीपलीकडची शेजारीण शेतातून आणलेला कापूस निवडत निवडत ऐकायची. वाचन कमी आणि वाद जास्त.

"येवढाले गरुड! त्यायले खायले काय घालत असतीन वं?" भिंतीपलीकडची विचारायची.

"तुह्यावाणी बाया," समोरची म्हणायची. "चूप बस ना बापा, लढाई चालू हाय."

या गोष्टीत नागलोकातली एक आजी होती. दात पडलेले, विषाचेसुद्धा. येता-जाता खोटं बोलायची, दुसऱ्याच्या ताटातलं पळवायची, आणि भर युद्धात एखाद्या खडकाआड डुलकी काढायची. पहिल्याच भागात नातीनं पुस्तकातून डोकं वर काढलं आणि म्हणाली, "आजी, हे तं तूच हायस!" मी रागावल्यासारखं केलं. खरं सांगते, दुसऱ्या दिवसापासून मी थोडं जास्तच खोटं बोलायला लागले. नाव राखायला नको?

चौथ्या भागाच्या शेवटी ही बुढी गरुडांच्या राजाशी लढायला एकटीच निघते. त्याच वर्षी छातीत दुखलं म्हणून मला यवतमाळच्या दवाखान्यात काही दिवस काढावे लागले होते. नातीनं पुस्तक मिटलं आणि बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिली.

"आजी, बुढी मरन तं नाई ना?"

"मले काय माईत? लिवणाऱ्याले इचार."

एरवी ती यावर खिदळली असती. त्या दिवशी हसली नाही. "शेवटचा भाग आपुन संगंच वाचू," म्हणाली. "टपालानं तुह्याच पत्त्यावर मागवतो. मी आल्याबिगर खोकं उघडशीन तं पाय! घे शपथ. चिकटपट्टीले हात लावणार नाई म्हन."

मी घेतली शपथ. हात तिच्याच डोक्यावर ठेवून घेतली.

पाचवा भाग दिवाळीच्या तोंडावर आला. नातीनं पत्ता माझाच दिला होता. खोकं मी पत्र्याच्या पेटीवर ठेवलं. त्या पेटीत माझं लग्नाचं लुगडं आहे आणि आमच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, सापडलेली सापाची अख्खी कात आहे. कात घरात असली की बरकत राहते म्हणतात. मी येता-जाता खोक्याकडे बघायची, खोकं माझ्याकडे बघायचं. शेवटी विचार केला, शपथ कशाची आहे? चिकटपट्टीची. ठीक. मी चिकटपट्टीला बोटसुद्धा लावलं नाही. खोकं उलटं केलं आणि बुडाकडून विळीनं कापलं.

काय सांगू तो भाग! भात करपला, दूध उतू गेलं, दारावरची भाजीवाली हाका मारून मारून निघून गेली. आणि मग ते पान आलं. युद्ध संपलेलं आहे. पोर आजीला शोधत नदीकाठच्या कपारीत शिरते. बुढी दगडाला वेटोळं घालून पडलेली. पोर हात लावते तर अंग गार. उचलून घेते तर वजनच नाही. पोर हंबरडा फोडते.

तिथंच मी पुस्तक मिटलं. पुढं चांगली जाडजूड पानं उरली होती. पण माझी खोड जुनी आहे. लग्न नवीन होतं तेव्हा आमचे हे मला बाजारातल्या तंबूत सिनेमा बघायला न्यायचे. पडद्यावर कोणी मरायला लागलं की ही नवी नवरी डोळ्यांवर पदर ओढून उठायची आणि लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर. बाहेर भजी मिळायची. मी रडत रडत एक प्लेट भजी संपवायची. सिनेमा सुटला की हे येऊन सांगायचे, "अवं, जित्ता झाला ना तो! लगन बी लागलं त्याचं!" मला वाटायचं, माणूस प्रेमळ आहे, माझी समजूत काढतो आहे. असे किती नायक मी भज्यांसोबत मारून ठेवले, त्याची गणती नाही. नातीला ही गोष्ट तोंडपाठ आहे. इतका अनुभव गाठीशी असून अडुसष्टाव्या वर्षी मी पुन्हा तेच केलं. यावेळी फक्त भजी नव्हती.

ओट्यावर येऊन रडत बसले. भिंतीपलीकडची धावत आली. "काय झालं वं? कोनाचा फोन आला?"

"बुढी गेली. आपल्या पुस्तकातली."

"अवं माय!" तिनं छातीवर हात ठेवला. "अन् त्या पोरीले आता कोन?"

आमच्याकडे ज्या घरचं माणूस गेलं त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारून जेवण येतं. ती गेली आणि पिठल्याचा डबा घेऊन आली. तिच्या डोळ्यांत पाणीही होतं आणि ओठांच्या कडेला हसूही होतं. मागून समोरची आली, फडक्यात ज्वारीच्या भाकरी आणि वर ठेचा. "सुतक-बितक आमी काई मानत नाई," म्हणाली, "पन उपाशी कायले मारा तुले?" आम्ही तिघी ओळीनं बसलो आणि गेलेल्या जिवाचे गुण आठवायला लागलो.

"खायची लय हौस होती बिचारीले."

"दुसऱ्याच्या ताटातलं."

"जाऊ दे ना, गेल्या मान्साचं वाईट नाई बोलू."

जेवून मी तोंड धुवायला आत गेले आणि नेमकी तेव्हाच दारात जीप थांबली. नात एक दिवस आधीच आली होती. तिनं काय बघितलं असेल? ओट्यावर डबे, उष्टी ताटं, डोळ्यांना पदर लावलेल्या दोन बाया. आणि आजी कुठंच नाही.

रस्त्यातच थैली पडल्याचा आवाज मी ऐकला. मग तिची हाक. तशी हाक तिनं मला कधी मारली नव्हती. मी ओल्या तोंडानं बाहेर आले तर ती येऊन अशी आदळली की मी भिंतीला टेकले. तिनं माझे गाल चाचपले, हात चाचपले.

"मंग गेलं कोन?" तिनं विचारलं.

समोरचीनं उष्टी ताटं गोळा करायला घेतली. भिंतीपलीकडचीला मात्र गप्प राहणं जमत नाही. "बुढी गेली ना वं. तुह्या पुस्तकातली."

नातीनं मला सोडलं. आत जाऊन खोकं उचललं. चिकटपट्टी शाबूत. तिनं ते उलटं केलं. मग खाटेवरचं पुस्तक उचललं, आतल्या खोलीत गेली आणि कडी लावून घेतली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

शेजारणी डबे तिथंच टाकून पाय न वाजवता पसार झाल्या. मी दाराशी बसले. "अवं, दोन घास तं खाऊन घे."

मी दार ठोठावलं.

"पुढचं मी वाचलंच नाई. तुह्या गळ्याची शपथ!"

"तुह्या शपथीचं बूड कापलेलं असते," आतून आवाज आला.

ऊन ओट्यावरून उतरलं, अंगणातल्या तुळशीपर्यंत गेलं. आत पानं उलटत होती. मला वाटत होतं, ही आता माझ्याजवळ बसून पुन्हा काही वाचणार नाही. शेवटचा भाग होता आणि मी तो दोघींचाही नासवला. मग आतून एक आवाज आला. तोंडावर हात दाबून हसल्यासारखा. मी दाराला कान लावला आणि तेवढ्यात कडी निघाली, मी आतच पडायची राहिले.

तिचे डोळे सुजलेले होते आणि तोंड हसू आवरून वाकडं झालं होतं. माझ्याकडे न बघता ती पेटीपाशी गेली, लग्नाच्या लुगड्याखाली हात घातला आणि सापाची कात काढून माझ्या तळहातावर ठेवली. गार. पोकळ. वजनच नाही.

सगळा जन्म धुऱ्यावर गेला माझा. अशा किती काती ओलांडल्या, एक तर घरात जपून ठेवली. आणि नागलोकातल्या बाईचं अंग गार लागलं, वजन लागलं नाही, तर मी बसले सुतक धरून!

नातीनं गार पिठल्यात भाकरीचा तुकडा बुडवला, तोंडात कोंबला आणि दोन्ही शेजारच्या घरांत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "बुढी जित्ती हाय, आजी! दोघी मावश्यायले बलावून आन अन् बस इथं. शेवटचं मी वाचतो, अन् या खेपेले मधात उठून भजे खायले जायाचं नाई!"