सोमवारचा ऐतवार

आमचं गाव आष्टीकडचं. ख्रिस्ती घरं चारच, त्यातली तीन दुष्काळात पुण्याकडं निघून गेली. त्याच उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढताना दरड अंगावर आली आणि माझे वडील गेले. त्या विहिरीला पाणी लागावं म्हणून आम्ही तिघांनी गुडघे टेकले होते. तेव्हापासून मी प्रार्थनेचं नाव टाकलं. रागच तसा आला होता, आणि माझा राग लई दिवस टिकतो.

दिवाळी सरली तशी मी आणि आई सहकारी साखर कारखान्याच्या उसावर गेलो. ऊसतोडीत दोन माणसांची जोडी म्हणजे एक कोयता, असं धरतात. बाकीचे नवरा-बायको, आम्ही मायलेकी. उजाडायच्या आधीपासून तोड, ना सुट्टी ना वार. तरी आज उसाच्या त्या वाळल्या पाचटाचा वास आठवला की जीव तिकडंच ओढ घेतो, काय सांगावं.

आईनं एक मात्र सोडलं नाही, ते म्हणजे ऐतवार. रविवारला आम्ही ऐतवारच म्हणायचो. त्या दिवशी ती धुतलेलं लुगडं नेसायची आणि दुपारची भाकरी झाली की बैलगाडीच्या सावलीत डोळे मिटून बसायची. उठली की चेहरा तसाच कोरडा. एकदा म्हणाली, हाका मारून घसा सुकला, पण त्यो हाय का न्हाई तेच कळंना. माझा देव गेला तर जाऊ दे, पण आईचा गेला तर आई उभी राहील कशी, हीच मला भीती.

शेजारच्या कोपीतली, म्हणजे पाचटाच्या खोपटातली, बाई महादेवाचा सोमवार धरायची. तिचा नवरा कारखान्याच्या गेटवर वार विचारून यायचा. एके दिवशी आई गाडीच्या सावलीत बसलेली, आणि ही बाई माझ्याजवळ भाकरीऐवजी शेंगदाणे खात होती. आज उपास कशाचा, असं मी विचारलं, तर म्हणे, सोमवार न्हाई का. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गावाकडं बाजार शनिवारी. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी ऐतवार, हा आईचा हिशेब. इथला बाजारच ऐतवारी भरायचा. म्हणजे दोन महिने आमची आई सोमवारी ऐतवार पाळत होती.

मी ते पोटात ठेवलं. पण माझ्या तोंडाला कुलूप कुठलं? पुढच्या खेपेला आई म्हणाली, आजबी ओ दिली न्हाई, तशी मी फटकन बोलून गेले, देईल कसा, आज सोमवार हाय.

आई बघतच राहिली. मग हसायला लागली, वडील गेल्यापासून पहिल्यांदा. पदरानं डोळे पुसत म्हणाली, चूक माझीच, मी उगाच त्याला बोल लावत होते. मलाही हुरूप आला. खऱ्या ऐतवाराची वाट तिच्यापेक्षा मीच जास्त बघितली.

तो ऐतवार आला. ती बसली, उठली. मी विचारलं, तर तिनं नुसती नकारार्थी मान हलवली. त्या दुपारी तिचा कोयता फार हळू चालला. स्वतःच्या तोंडाचा मला असा संताप आला! देवाच्या गप्प बसण्याला चुकलेल्या वाराचं तरी कारण होतं, वार दुरुस्त करून तेही मी काढून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी भाकरी खाऊन ती पुन्हा गाडीच्या सावलीत जाऊन बसली. मी म्हटलं, आई, आज सोमवार हाय, आणि काल तरी कुठं त्यानं ओ दिली?

"तुझा बाप तरी कुठं ओ देतो?" ती म्हणाली. "म्हणून त्याला हाका मारायचं सोडलं का मी?"

मी कोयता खाली ठेवला आणि तिच्याजवळ जाऊन बसले.