तात्यांनी सांगितलेली सुटका

इतकी वर्षं जपानात काढूनही परवा टोकियोतल्या निशी-कसाई भागातल्या दुकानातून मी ओल्या हळदीचं लोणचं समजून चक्क खारवलेला पिवळा मुळा घेऊन आलो. पाकीट फोडताच घरभर वास सुटला, बायकोने खिडक्या उघडल्या आणि मला आजोबा आठवले.

दुसऱ्या महायुद्धात ते जपान्यांच्या छावणीत कैदी होते. तिथे जेवणात हाच मुळा असायचा, म्हणून आमच्या घरात मुळा कधी शिरलाच नाही.

मला इथली नोकरी लागली तेव्हा आजोबांचे छावणीतले मित्र तात्या जेवायला आले होते. श्रीखंड चाटत त्यांनी नेहमीची गोष्ट सुरू केली. पहाटे जपान्यांविरुद्ध लढणाऱ्या तिथल्या बंडखोरांनी छावणीची तार कापली, गोळीबार झाला, "आणि तापाने फणफणलेल्या ह्याला मी पाठीवर घेऊन पळालो!"

मी भीतभीत विचारलं, "आजोबा, जपानला जाऊ ना?"

"खुशाल जा. ते शत्रूच होते, त्यांनी फसवलं नाही." आजोबांनी तात्यांच्या वाटीत आणखी श्रीखंड वाढलं. "मला उचललं एका बंडखोराने. तात्या, तू तारेपलीकडे पळत होतास. मी हाका मारत होतो."

तात्यांचं बोट वाटीतच राहिलं. मित्रांना रंगवून सांगायची माझी हुकमी गोष्ट गेली, याचंच मला तेव्हा वाईट वाटलं. आता मात्र त्या हाकाच आठवतात.

"मग इतकी वर्षं आजोबा तात्यांना जेवायला कशाला बोलवायचे?" हे सगळं ऐकून बायकोने विचारलं.

"मैत्री, दुसरं काय?"

"मैत्री कसली! आज तरी हा स्वतःहून खरं सांगेल, म्हणून वाट बघत असतील रे."